काढ्याच्या पातेल्यात नेमकं काय उतरतं? घरच्या औषधी वनस्पती वापरायला शिकणाऱ्यांसाठी

अंगणात गुळवेल चढलेली असते, कुंडीत तुळस असते, स्वयंपाकघरातल्या डब्यांत हळद, ओवा, सुंठ, दालचिनी असते. खोकला सुरू झाला की कुणीतरी काढ्याची कृती पाठवतं आणि आपण पातेलं चढवतो. त्या पातेल्यात काय उतरलं, काय वाफेबरोबर उडून गेलं आणि काय चोथ्यातच राहिलं, हे मात्र कृती पाठवणारा सांगत नाही. वनस्पतीत एखादं गुणकारी द्रव्य असणं आणि ते आपल्या पोटात पोहोचणं यांत बरंच अंतर आहे. हे अंतर नीट कसं पार करायचं, त्याचा हा लेख.

मी फार्मसीला असताना वनौषधी हा विषय शिकले आणि नंतर घरच्यांसाठी बरीच वर्षं काढे, चूर्णं, तेलं करत आले. नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ नावांचा आणि प्रमाणाचा होतो, म्हणून त्यावर जास्त लिहिलं आहे. इथलं सगळं सर्दी, साधा खोकला, अपचन, बद्धकोष्ठ अशा किरकोळ तक्रारींपुरतं आहे. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, कावीळ, कॅन्सर यांवर घरी प्रयोग करू नका.

आधी हे जमवा

- ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा. चमच्यावर विसंबू नका. चमचाभर भरड आणि चमचाभर वस्त्रगाळ पूड यांचं वजन सारखं नसतं.
- झाकणासह स्टीलचं किंवा मातीचं भांडं. लोखंड, तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियम काढ्यासाठी नको.
- सुती फडकं, बारीक गाळणी, खलबत्ता.
- घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या आणि चिकटवायच्या चिठ्ठ्या.
- एक वही.
- घरातल्या प्रत्येकाच्या चालू गोळ्यांची यादी, डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी आणि यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्या असतील तर ते रिपोर्ट.

शेवटची नोंद कागदपत्रांची आहे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. पायरी ७ पर्यंत पोहोचलात की तीच सगळ्यात उपयोगी पडेल.

पायरी १: झाड पक्कं करा

मराठीत एकाच नावाखाली दोन-तीन वनस्पती सुखाने नांदतात. ब्राह्मी हे ठळक उदाहरण. एक ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी: ओलसर जागी पसरणारी, लहान मांसल पानांची, फिकट पांढऱ्या-जांभळ्या फुलांची. तिच्यात बॅकोसाइड नावाची द्रव्यं असतात. दुसरी म्हणजे सेंटेला एशियाटिका, म्हणजेच मंडूकपर्णी: गोलसर, कडेला कातरलेल्या पानांची. तिच्यातली मुख्य द्रव्यं वेगळी, एशियाटिकोसाइड वगैरे. रोपवाटिकेत दोन्ही ब्राह्मी म्हणूनच मिळतात. ओव्याचंही तसंच. भजी करतो त्या मऊ, लवदार पानांचा पानओवा आणि मसाल्याच्या डब्यातला ओवा या दोन निराळ्या वनस्पती आहेत. वास जवळचा, कारण थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही भावंडं शोभावीत अशी द्रव्यं त्यांच्यात आहेत.

गुळवेलीच्या बाबतीत हा गोंधळ महागात पडू शकतो. आपली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्या नात्यातली टिनोस्पोरा क्रिस्पा दिसायला जवळची, पानं तिचीही हृदयाच्या आकाराची. फरक खोडावर पाहा. क्रिस्पाच्या खोडावर ठळक, बोथट गाठी असतात, हात फिरवला की चटकन लागतात. कॉर्डिफोलियाची साल राखाडी-पांढरट असते, वाळली की कागदासारखी सुटते, आणि खोड आडवं कापलं की आत चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. फांद्यांवरून दोऱ्यासारखी लांब हवाई मुळं लोंबतात.

शंका असेल तर पान, खोड आणि शक्य झाल्यास फूल-फळ असलेली फांदी घेऊन जाणकाराकडे जा. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय कार्यालय इथे नमुन्यांवरून वनस्पती ओळखण्याचं काम चालतं. जवळच्या कॉलेजातला वनस्पतिशास्त्र विभागही बहुतेक वेळा आनंदाने मदत करतो. मोबाइलच्या ॲपवर विसंबून काहीही पोटात घेऊ नका.

पायरी २: कुठला भाग, ते विचारा

एकाच झाडाच्या दोन भागांत वेगळी द्रव्यं असतात. गुळवेलीचं खोड वापरायचं, अडुळशाचं पान, ज्येष्ठमधाचं मूळ, हळदीचा कंद, सोनामुखीची पानं आणि शेंगा. अश्वगंधाचं मूळ वापरण्याची परंपरा आहे. पानांत विथाफेरिन ए हे द्रव्य जास्त असतं, आणि आयुष मंत्रालयानेही पानांचा वापर टाळायला सांगितलं आहे. तरी पानांचं चूर्ण बाजारात दिसतं, कारण ते स्वस्त पडतं. पुडीवर ‘अश्वगंधा चूर्ण’ एवढंच असेल, मूळ की पान ते नसेल, तर ती पुडी परत ठेवा.

कोरफडीत तर एकाच पानात दोन वेगळे माल असतात. मधला पारदर्शक गर बुळबुळीत आणि सौम्य. सालीलगत जो पिवळा, कमालीचा कडू चीक असतो त्यात ॲलोइन असतं, आणि ते तीव्र रेचक आहे. हाच चीक आटवून काळा बोळ करतात. अमेरिकेत २००२ साली विनाचिठ्ठी मिळणाऱ्या रेचकांतून हा चीक काढून टाकण्यात आला. म्हणून पान कापलं की ते उभं धरून चीक पूर्ण निथळू द्या, कडा आणि साल जाडसर काढा, गर दोन-तीन पाण्यांनी धुवा. गराला पिवळी झाक किंवा कडवटपणा असेल तर तो खाऊ नका. त्वचेवर लावायलाही आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहा.

पायरी ३: जीभ, नाक आणि बोटांनी द्रव्याचा गट ओळखा

प्रयोगशाळा नसली तरी बरंच कळतं. ओळख पटलेल्या, खाण्यायोग्य वनस्पतींवरच हे करा. अनोळखी पानाला जीभ लावू नका.

*सुवास येतो:* उडनशील तेलं. तुळशीत आणि लवंगेत युजेनॉल, गवती चहात सिट्रॉल, ओव्यात थायमॉल. ओव्याच्या दाण्यांत साधारण २ ते ४ टक्के तेल असतं आणि त्यातला मोठा हिस्सा थायमॉलचा. काष्ठौषधींच्या दुकानात ‘ओव्याचं फूल’ मागितलंत तर जे पांढरे खडे मिळतात तेच शुद्ध थायमॉल. ओव्याचं फूल, पेपरमिंटचं फूल आणि कापूर हे तिन्ही कोरडे खडे एका बाटलीत सारख्या वजनाने घालून हलवा. पाण्याचा थेंब न घालता थोड्या वेळात त्यांचं स्वच्छ तेल होतं. घराघरांतली अमृतधारा ती हीच. बाहेरून हुंगायला आणि चोळायला ठीक. लहान मुलांच्या हाताला लागेल अशी मात्र कधीही ठेवू नका. कापराचं तेल पोटात गेल्याने लहानग्यांना झटके येतात.

*तोंड ओढल्यासारखं होतं, तुरट लागतं:* टॅनिन. हिरडा, बेहडा, डाळिंबाची साल, बाभळीची साल. हिरड्याचा काढा लोखंडी भांड्यात ओतलात की निळा-काळा होतो, कारण टॅनिन लोहाला धरतं. हे फक्त भांड्यात होत नाही, पोटातही होतं. म्हणून लोहाची गोळी आणि त्रिफळा किंवा चहा यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

*कडू लागतं:* अल्कलॉइडं (वनस्पतींतली नायट्रोजन असलेली, थोडक्यातही शरीरावर जोरदार काम करणारी द्रव्यं) किंवा इतर कडू द्रव्यं. गुळवेल, अडुळसा, किराईत. कडू गटाशी जपून वागा. वनस्पतींतली अनेक तीव्र औषधं आणि अनेक विषं याच गटातली आहेत.

*पाण्यात हलवल्यावर टिकाऊ फेस:* सॅपोनिन. रिठा, शिकेकाई.

*बोटांना बुळबुळीत:* श्लेष्मल द्रव्यं. इसबगोल, सब्जा, जवस.

*रंग चढतो:* हळदीतलं कर्क्युमिन हे उत्तम उदाहरण. चिमूटभर हळदीत ओला चुना मिसळा, लगेच लाल होते. वरणाचा डाग साबण लागताच लाल होतो तो याचमुळे. तोच कपडा उन्हात वाळवला की डाग फिका पडतो, कारण कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. पायरी ५ मध्ये हे पुन्हा कामी येईल.

पायरी ४: द्रव्य पाहून रीत ठरवा

सगळं एकत्र टाकून अर्धं पाणी आटवायचं ही सरसकट रीत बरीचशी वाया जाते. आयुर्वेदात पूर्वापार पाच रीती आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. रस काढणं, वाटणं, उकळणं, थंड पाण्यात भिजवणं आणि गरम पाण्यात मुरवणं. या पाच रीतींमागे रसायनशास्त्राचं पक्कं भान आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

*सुवासिक पानांना फांट.* तुळस, पुदिना, गवती चहा. पाणी उकळून गॅस बंद करा, पानं घाला, ताट झाका आणि १० मिनिटांनी गाळा. झाकणावर जमलेले थेंब परत कपात पाडा. उडनशील तेलाचा अंश त्यांत असतो. घरभर तुळशीचा दरवळ सुटला असेल तर तेवढं तेल कपातून गेलं, असं समजा.

*कठीण साल, मूळ, खोड यांना क्वाथ.* जुनं प्रमाण एक भाग भरड, सोळा भाग पाणी आणि मंद आचेवर उरवायचं अष्टमांश. घरी १० ग्रॅम भरडीला १६० मिलिलिटर पाणी घेऊन २० मिलिलिटर उरवा. भरड जाडसरच असू द्या. वस्त्रगाळ पूड उकळली की खाली लागते आणि गाळताही येत नाही. काढ्यात सुवासिक पानंही हवी असतील तर ती सगळ्यात शेवटी, आच बंद केल्यावर.

*उष्णतेने बिघडणाऱ्या द्रव्यांना हिम किंवा स्वरस.* याचं सगळ्यात मोठं उदाहरण चीनमधलं आहे. तू यूयू आणि त्यांचे सहकारी मलेरियावर औषध शोधत होते. चिंगहाव नावाच्या वनस्पतीचे अर्क कधी गुण देत, कधी देत नसत. चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याने ती वनस्पती उकळायला नव्हे, तर पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगितलं होतं. त्यावरून तू यूयू यांना वाटलं की उष्णतेनेच घात होत असावा. त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या इथरने अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन हाती आलं. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. रीत चुकली असती तर वनस्पती बरोबर असूनही औषध सापडलं नसतं.

*पाण्यात न विरघळणाऱ्यांना स्निग्धाची साथ.* कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हळदीचं गरम पाणी पिवळं दिसतं ते मुख्यतः तरंगणाऱ्या कणांमुळे. दूध, तूप किंवा तेल सोबत लागतंच. आपली फोडणी या दृष्टीने फार शहाणी आहे. शिवाय आतड्यातून ते फार थोडं शोषलं जातं. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पायपेरिन दिलं तर रक्तात पोहोचणारं प्रमाण सुमारे २० पटींनी वाढतं. हळदीच्या दुधात मिरपूड घालायचा सल्ला आज सगळीकडे फिरतो, त्याचा आधार हा प्रयोग आहे.

आल्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉलचा. वाळताना त्यातलं बरंच जिंजेरॉल पाणी टाकून शोगॉल बनतं आणि ते जास्त जहाल असतं. म्हणजे सुंठ ही नुसती वाळलेली आल्याची कांडी नव्हे, तिच्यातली द्रव्यंच बदललेली असतात. आल्याच्या जागी तेवढ्याच वजनाची सुंठ घातली की घसा का पोळतो, ते यावरून कळेल. मळमळीवर मात्र दोन्ही चांगली.

पायरी ५: वाळवा, बरणीत भरा, तारीख घाला

पानं सावलीत, पातळ थरात, वाऱ्यावर वाळवा. उन्हात रंग आणि तेल दोन्ही जातात. चुरगाळल्यावर कडकडीत तुटली पाहिजेत. मऊ राहिलेली पानं पावसाळ्यात बुरशी धरतात, आणि बुरशी आलेला माल खुडून-निवडून वापरायचा नसतो, टाकायचाच असतो. अख्खा माल ठेवा आणि लागेल तेवढाच कुटा. बरणी उजेडापासून दूर. चिठ्ठीवर वनस्पतीचं नाव, भाग, कुठून आणली आणि तारीख. वास उडालेला ओवा किंवा तुळस वापरून ‘गुण येत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

पायरी ६: विकत घेताना

चूर्ण घेण्यापेक्षा अख्खा माल घ्या. अख्ख्या हळकुंडात भेसळ करणं अवघड, पुडीत सोपं. हळदीच्या पिवळ्या चमकेसाठी शिशाचं संयुग असलेला लेड क्रोमेट हा रंग वापरल्याचे प्रकार दक्षिण आशियात उघडकीला आले आहेत, तेव्हा भडक, झगझगीत पिवळ्या हळदीच्या मोहात पडू नका. सांगलीची आणि वर्ध्याजवळच्या वायगावची हळद यांना भौगोलिक मानांकन आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडं आणून दळून घेणं हा सगळ्यात चांगला मार्ग. हळदीवर बोलताना डॉ. रघुनाथ माशेलकरांचं स्मरण होतंच. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं, आणि माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) जुने पुरावे मांडून ते १९९७ साली रद्द करून घेतलं.

दालचिनीकडे विशेष लक्ष द्या, कारण मधुमेहासाठी म्हणून ती रोज सकाळी चमचाभर घेणारे घरोघरी आहेत. बाजारात मिळणारी जाड, कठीण, एकाच थराची साल बहुतेकदा कॅशिया असते. खरी दालचिनी पातळ, ठिसूळ, विडीसारखी अनेक पापुद्र्यांत गुंडाळलेली असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण तेज’ ही या दुसऱ्या प्रकारची जात. कॅशियात कुमॅरिन बरंच असतं आणि ते काही लोकांच्या यकृताला त्रास देतं. युरोपात ठरवलेली रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. कॅशियाच्या एका चमचा पुडीत ती सहज ओलांडली जाऊ शकते. पुलावातल्या तुकड्याची चिंता करू नका. रोजच्या चमच्याची करा.

तयार औषध घेत असाल तर वेष्टणावर परवाना क्रमांक, बॅच, मुदत, वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग, एवढं हवंच. संधिवातावर किंवा दम्यावर दोन दिवसांत जादूसारखा गुण देणारी बिननावाची पुडी घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं तपासणीत अनेकदा सापडलं आहे.

रानातून ओरबाडणंही नको. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरच्या औषधांना लागणारं द्रव्य आहे, आणि त्यापायी ती झाडं अक्षरशः तोडून नेली गेली. कुंडीत किंवा परसात जे लावता येतं तेवढ्यावर घरगुती वापर सहज भागतो.

पायरी ७: चालू औषधांची यादी समोर ठेवा

‘वनस्पती आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य मनातून काढून टाका. जे द्रव्य गुण देतं तेच जास्त झालं, किंवा चुकीच्या गोळीसोबत गेलं, तर बाधतं. पायपेरिनचंच घ्या. ते कर्क्युमिन वाढवतं तसंच फेनिटोइन (फिट्सवरचं), थिओफायलिन (दम्यावरचं) यांसारख्या औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढवतं. जेवणातली मिरपूड हा काळजीचा विषय नाही. पायपेरिनची वेगळी कॅप्सूल हा मात्र आहे.

यादीत पुढलं काही दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका:

- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: हळद-आल्याचे अर्क, मेथीचं चूर्ण. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा.
- मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन: कारलं, मेथी, गुडमार. साखर एकदम खाली येऊ शकते.
- रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या: ज्येष्ठमध. त्यातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटवतं आणि रक्तदाब चढवतं. घसा बसल्यावर दोन दिवस कांडी चघळणं वेगळं, महिनोन् महिने चूर्ण घेणं वेगळं.
- थायरॉइडच्या गोळ्या: अश्वगंधा.
- कुठलीही गोळी चालू असेल तर इसबगोल तिच्यापासून दोन तास दूर. आणि इसबगोल भरपूर पाण्यासोबतच. कोरडं गिळलं तर ते घशात-अन्ननलिकेत फुगून अडकतं.

पायरी ८: मात्रा मोजा, एका वेळी एकच वनस्पती

दहा वनस्पतींच्या काढ्याने बरं वाटलं तर कशाने ते कळत नाही, आणि अंगावर पुरळ आलं तरी कशाने ते कळत नाही. नव्याने सुरू करणाऱ्याने एका वेळी एकच घ्यावी, थोडक्या मात्रेत, थोडे दिवस. वहीत तारीख, वजन, रीत आणि परिणाम लिहा.

मात्रेचा अंदाज यायला एक साधा हिशेब पुरे. हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के. पाव-अर्धा चमचा म्हणजे दीड ग्रॅम हळद धरली तर कर्क्युमिन ३० ते ७५ मिलिग्रॅम. ५०० मिलिग्रॅम कर्क्युमिनची एक कॅप्सूल म्हणजे १० ते २५ ग्रॅम हळद एका घोटात. त्यात ते जास्त शोषलं जावं अशी सोय केलेली असेल तर आणखीच वेगळा मामला. अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या घटना इटलीत २०१९ साली नोंदवल्या गेल्या. ‘आपण रोजच्या जेवणात हळद खातोच की’ हा युक्तिवाद कॅप्सूलला लागू पडत नाही.

सोनामुखी चार-सहा दिवसांपलीकडे घेऊ नका. तिच्यातल्या सेनोसाइडवर मोठ्या आतड्यातले जिवाणू काम करतात, मगच ती लागू पडते. म्हणून रात्री घेतली की सकाळी गुण दिसतो. तासाभरात काही झालं नाही म्हणून दुसरी मात्रा घेणं हा नेहमीचा सापळा आहे.

पायरी ९: गरोदर बाई आणि तान्हं बाळ

अडुळशातलं व्हॅसिसिन हे फार कामाचं अल्कलॉइड आहे. कफ पातळ करणारी ब्रोमहेक्सिन आणि ॲम्ब्रोक्सॉल ही आजची औषधं त्याच्याच साच्यावरून घडवली गेली. पण व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचनही घडवतं. म्हणून गरोदरपणात अडुळसा नाही. कोरफडीचा चीक, काळा बोळ, सोनामुखी, ज्येष्ठमधाचं चूर्ण, अश्वगंधा हेही नाही.

बाळगुटीबद्दल मी ठाम आहे. सहाणेवर वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हिरड्याचे वेढे उगाळून देण्यामागे आज्या-पणज्यांची माया होती, ते मी जाणते. पण बऱ्याचशा वेखंडात बीटा-ॲसरोन हे द्रव्य असतं, जायफळात मायरिस्टिसिन, आणि या दोन्हींची मात्रा एका वेढ्यात किती उतरली ते कुणालाच मोजता येत नाही. सहाणेवरून येणारे जंतू वेगळेच. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला घरच्या मोठ्यांना प्रेमाने समजावून सांगा. कडुनिंबाचं तेल लहान मुलांना थेंबभरही पाजू नका. त्याने झटके आणि यकृताची गंभीर इजा झालेली आहे.

पायरी १०: या वनस्पती घरच्या काढ्यात कधीही नकोत

सर्पगंधा आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिचा रक्तदाबावरचा उपयोग मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेझर्पिन वेगळं काढलं गेलं. तेच रेझर्पिन रक्तदाब फार खाली आणतं आणि काहींना खोल नैराश्यात ढकलतं. मुळाच्या तुकड्यात ते किती आहे हे बाहेरून कळत नाही.

सदाफुलीची फुलं मधुमेहासाठी रोज सकाळी चावून खाणारे लोक मला आजही भेटतात. याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरची औषधं मिळतात. ती पेशींची वाढ रोखणारी आहेत आणि रुग्णालयात मोजूनमापून शिरेतून दिली जातात. शोभेला लावा, खाऊ नका. धोतरा, कण्हेर, पिवळी कण्हेर, बचनाग, गुंज यांबद्दल तर वेगळं सांगायला नको.

पायरी ११: कधी थांबायचं

कोविडच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी त्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिला आक्षेप घेतला आणि चुकीची वनस्पती वापरली गेली असावी असं म्हटलं. पुढल्याच वर्षी देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. यातल्या अनेकांत स्वतःच्याच पेशींवर प्रतिकारशक्ती हल्ला करते तशी लक्षणं होती, आणि काहींना आधीपासून थायरॉइड किंवा मधुमेहासारखे आजार होते. माझं मत असं: ओळख पटलेली गुळवेल वैद्यांच्या देखरेखीखाली थोडे दिवस घ्यायला हरकत नाही. स्वप्रतिकार आजार किंवा यकृताचा त्रास असणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये, आणि ‘प्रतिकारशक्तीसाठी’ महिनोन् महिने तर कुणीच घेऊ नये.

कुठलीही वनस्पती घेताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, भूक मेली, सतत मळमळ राहिली, तर त्याच क्षणी बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर थेट तातडीच्या विभागात. तीन दिवसांत न उतरलेला ताप आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला हेही काढ्याच्या आवाक्यातले नाहीत. खोकल्याची क्षयरोगासाठी तपासणी करून घ्या.

जाताना उरलेली पुडी, बाटली किंवा वनस्पतीची फांदी आणि वही सोबत न्या. ‘काही घेत होतात का?’ या प्रश्नाला ‘नाही, औषध काही नाही, नुसता काढा’ असं उत्तर देऊ नका. काय, किती ग्रॅम, किती दिवस, ते वहीतून वाचून दाखवा.